तेविसावा पाठ

दारात उभ्या असलेल्या मुलीचा गणवेश कोणत्या दलाचा, हे बाईंना ओळखता आलं नाही, आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू झाला. असं आजवर कधी झालं नव्हतं. एकतीस वर्षं नोकरी केली त्या काळात त्यांनी नुसत्या चालण्यावरून माणूस ओळखला असता. भूदलाची माणसं टाच आधी टेकवतात, हवाईदलाची माणसं बोलता बोलता उगीच वर बघतात, आणि नौदलाची माणसं फरशीवरसुद्धा पाय जरा फाकवून उभी राहतात, फरशी केव्हा कलेल याचा भरवसा नसल्यासारखी. या मुलीच्या अंगावरचं कापड भूदलाचं होतं, खांद्यावरची पट्टी हवाईदलाच्या निळ्या रंगाची होती आणि काखेत धरलेली टोपी पांढरीशुभ्र होती. तीन कपाटांतून हाताला येईल ते घालून कोणी बाहेर पडावं, तसं. बाई एका हातानं दाराची कडी धरून तिच्याकडे बघत राहिल्या. आपले डोळे गेले की जग बदललं, या दोन्हींपैकी काय ते त्यांना ठरवता येईना. "नमस्कार," मुलगी म्हणाली, "घडीच्या बाई इथेच राहतात ना?" बाईंनी मागे वळून पाहिलं. घरात अशी आणखी कोणी बाई असेल तर तिनं पुढे यावं, असं त्यांना क्षणभर खरोखर वाटलं. त्या नावानं त्यांना कोणी हाक मारून वीस वर्षं झाली होती.

"आई, तुम्हाला परत कामावर न्यायला आलेत वाटतं," सून आतून म्हणाली. तिचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं आणि कानाला लावलेल्या यंत्रातून पलीकडच्यांनाही हे ऐकू गेलं असणार. "न्या हो, खुशाल न्या. घरातल्या चादरी उलगडून उलगडून घड्या घालतात. आम्हाला पांघरायला एक राहत नाही." मुलगी हसली. हसताना ती अगदी लहान दिसली, पण बसताना पाठ ताठ ठेवून, खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसली. बाईंना बरं वाटलं. निदान बसायची पद्धत तरी कोणी बदलली नव्हती.

मुलीनं मांडीवर फाईल ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. तिन्ही दलांची बरीचशी प्रशिक्षणं आता एकत्र होणार होती. प्रत्येकानं आपली वेगळी शाळा, वेगळे शिक्षक, वेगळं पुस्तक ठेवायचं, हे आता बंद. जे दल ज्या कामात तरबेज, त्यानं ते काम तिघांनाही शिकवायचं. गाड्या दुरुस्त करणं भूदलाकडे, पाणबुड्यांचं शिक्षण नौदलाकडे, असं. ती स्वतः अशाच नव्या संयुक्त कार्यालयात अधिकारी होती, आणि हा गणवेश अजून पक्का झालेला नाही, सध्या तात्पुरता आहे, असंही तिनं सांगून टाकलं, बहुधा बाईंची नजर खांद्यावरून हलत नव्हती म्हणून. "पॅराशूटच्या घडीचंही एकच विद्यालय होणार आहे," ती म्हणाली.

"आम्ही केलं होतं ते," बाई म्हणाल्या. "सात आठवडे चाललं."

"माहीत आहे, बाई. त्यासाठीच आलेय."

तिनं फाईलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. रजिस्टरच्या पानाची छायाप्रत होती. उभ्या रेघा, आडव्या रेघा, पाठाचा क्रमांक, तारीख, शिकवणाऱ्याची सही. तेविसाव्या ओळीत दोन सह्या होत्या. एक वळणदार, शेवटी छोटी रेघ ओढलेली, ती बाईंची. दुसरी उंच, काटकुळी, शेजारच्या दोन ओळींत घुसलेली, ती हवाईदलाच्या सार्जंटची, जिराफाची. मुलगी म्हणाली, "एक अर्ज आलाय. हा पाठ त्या सात आठवड्यांच्या तुकडीला कोणी शिकवला होता, एवढंच विचारायचं आहे." बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. तोंड उघडल्यावर मात्र जिभेवर काहीच नव्हतं.

भूदलाची घडीची शेड लांबच लांब होती, आणि तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेबलं होती, आरशासारखी घासलेली. एका टोकाला उभं राहून बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं नाही, कारण मध्ये कापड असायचं. पसरलेलं, शंभर हातांखाली सळसळणारं. बाई लष्करी नव्हत्या, नागरी नोकर होत्या आणि तीही कच्ची नोकरी, दर वर्षी नवा कागद मिळायचा. त्या रोज सकाळी प्रशिक्षणार्थींची नखं तपासायच्या. धिप्पाड पोरं बालवाडीतल्यासारखे दोन्ही हात पुढे करून उभी राहायची. नख अडकलं तर धागा निघतो, धागा निघाला तर कापड फाटतं, आणि कापड फाटलं तर खाली माणूस आहे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घडी घालताना कापडावर वाळूच्या लहान पिशव्या ठेवायच्या, म्हणजे ते सरकत नाही. मग दोऱ्या ओढून सारख्या करायच्या, सगळं पाकिटात बसवायचं, पाकिटाच्या चार पाकळ्या एकमेकींवर आणायच्या. त्या पाकळ्या धरून ठेवायला आधी एक कच्ची पिन घालतात, तिला लाल फीत असते. मग खरी पिन बसवायची आणि कच्ची काढून टाकायची. ती राहिली तर माणसानं आकाशात कितीही जीव खाऊन दोरी ओढली तरी पाकीट उघडत नाही. तेविसावा पाठ हा एवढाच होता. कच्ची पिन कोणी काढायची. चाळीस मिनिटांचा पाठ.

आणि त्याच्यावरूनच सगळ्यात मोठं भांडण झालं होतं. भूदलाची पद्धत अशी की घडी घालणाऱ्यानं स्वतः कच्ची पिन काढायची आणि तपासणाऱ्याच्या तळहातावर ठेवायची. हवाईदलाची पद्धत अशी की घडी घालणाऱ्यानं तिला हात लावायचा नाही. तपासणारा सगळं बघेल आणि मग स्वतः पिन ओढेल, तीच त्याच्या तपासणीची खूण. दोन्ही पद्धती आपापल्या घरी वर्षानुवर्षं बिनचूक चालत आल्या होत्या. मग वरून हुकूम आला की हवाईदल आणि भूदल मिळून एकच वर्ग चालवा, नौदलाची माणसंही त्यातच शिकतील. हवाईदलानं आपला सार्जंट पाठवला, पुढे त्यालाच शेडमधल्या पोरांनी जिराफ हे नाव ठेवलं. मान उंच, पाय उंच, शेडच्या दारातून आत येताना वाकायचा आणि आत आल्यावरही बराच वेळ वाकलेलाच राहायचा. एका मोठ्या टेबलाभोवती पाठांची वाटणी झाली. कारकुनाच्या हातात दोन रंगीत पेन्सिली होत्या. भूदलाचा पाठ असेल तर हिरवी खूण, हवाईदलाचा असेल तर निळी. तेविसाव्या पाठाशी आल्यावर जिराफ म्हणाला, "हा आमचा. तपासणी आमची." बाई म्हणाल्या, "हा आमचा. पिन घालणारा हात आमचा." अर्धा तास गेला. "तुमच्याकडे तळहातावर पिन ठेवतात, मग प्रसादही देता का हो?" जिराफानं विचारलं आणि सगळे हसले, बाईसुद्धा. शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं. कारकुनानं तेविसाव्या पाठासमोर दोन्ही खुणा केल्या. हिरवी आणि निळी. हा दोघांचा, असं म्हणून त्यानं पान उलटलं. त्या वेळी सगळ्यांना किती बरं वाटलं होतं. जेवायला उठताना जिराफानं बाईंची खुर्ची मागे ओढली होती.

"अर्ज कोणाचा आहे, ते विचारलं नाहीत तुम्ही," मुलगी म्हणाली. सुनेनं मध्ये कधीतरी चहा आणून ठेवला होता आणि त्यावर साय धरली होती. मुलीनं दुसरा कागद सरकवला. त्यावरचं अक्षर उजवीकडून डावीकडे झुकलेलं होतं. नाव वाचायची गरज पडली नाही. तो त्या तुकडीतला डावखुरा. वीस वर्षांचा, कान मोठे, सगळ्यांची साधनांची ताटली उजव्या हाताला असायची आणि त्याच्यासाठी बाई रोज ती उचलून डाव्या हाताला ठेवायच्या. त्याच्या हातातली कात्री बघितली की अंगावर काटा यायचा, पण घडी अशी घालायचा की पट्टी लावून मोजावी. सहाव्या आठवड्यात त्यानं घातलेली घडी घेऊन नौदलाच्या एका जवानानं विमानातून उडी मारली, आणि त्याचं पाकीट उघडलं नाही. पोटावरचं दुसरं, राखीव पॅराशूट त्यानं ओढलं तेव्हा जमीन जवळ आली होती. तो जगला, पण कमरेखालचं शरीर मेलं, आणि पुढे नऊ वर्षं चाकांच्या खुर्चीत काढून तोही गेला. पाकिटात कच्ची पिन तशीच होती. डाव्या हातानं घातलेली, म्हणून तिची लाल फीत उलट्या बाजूला पडून पाकळीखाली दबली होती. तपासणाऱ्याला वाटलं, घालणाऱ्यानं काढली. घालणाऱ्याला वाटलं, तपासणारा काढेल. प्रत्येक पाकिटात घडी घालणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. तपासणाऱ्याची नसते.

चौकशी तीन दिवस चालली. खोलीत पंखा होता आणि त्याचं एक पातं वाकलेलं होतं, हे बाईंना स्वच्छ आठवतं. चौकशीच्या साहेबांची मिशी एका बाजूला जास्त कातरलेली होती, हेही आठवतं. त्यांनी विचारलं, "तेविसावा पाठ झाला होता का?" आणि बाईंनी सांगितलं, "हो, रजिस्टरवर सही आहे." घरी पाच वर्षांचा मुलगा होता, नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता आणि नोकरीचा नवा कागद पुढच्याच महिन्यात यायचा होता. पण त्यासाठी खोटं बोलल्या, असंही नाही. त्यांना तेव्हा वाटलं होतं की झाला होता. जिराफही हेच म्हणाला, झाला होता. कोणी शिकवला, असं विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. वर्ग संयुक्त, पाठ संयुक्त, सह्या दोन. एका सहीचा पाठ असता तर कदाचित साहेबांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते. दोन सह्या बघून त्यांचं समाधान दुप्पट झालं. डावखुरा म्हणत होता, हा पाठ आम्हाला शिकवलाच नाही. सगळ्या बाजूंनी पाठ झाल्याचं सिद्ध होत असताना तो एकटा नाही म्हणत होता. त्याच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणामुळे बडतर्फ' असं लिहून त्याला घरी पाठवलं. तपासणाऱ्या पोराला दुसऱ्या तळावर हलवलं. सात आठवडे पुरे झाले आणि भूदल, हवाईदल आपापल्या घरी परत गेलं.

त्यानंतर एकदाच त्या आणि जिराफ समोरासमोर आले, बसच्या थांब्यावर. तो सामान घेऊन निघाला होता. उन्हात उभं राहून दोघंही बस येईल त्या दिशेनं बघत होते. "बाई," तो म्हणाला, "तो पाठ तुम्ही घेतला होतात ना?" आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही घेतला होतात ना?" आधी कोण बोललं? बाईंनी हे किती वेळा आठवून पाहिलं असेल. कधी वाटतं त्यानं विचारलं आणि आपण घाबरून उलट विचारलं. कधी वाटतं आपण विचारलं आणि त्यानंच आपला प्रश्न परत फेकला. दोन्ही वाक्यं त्यांना एकाच आवाजात ऐकू येतात, आणि तो आवाज कुणाचा ते कळत नाही. मग बस आली. तो वाकून आत शिरला. खिडकीतून त्यानं हात केला की नुसती काच सरकवली, तेही नक्की नाही. आधी रोज एकाच थर्मासमधला चहा दोघं प्यायचे. पुढे एक पत्रसुद्धा नाही.

"सार्जंटसाहेब दोन वर्षांपूर्वी गेले," मुलगी म्हणाली. "नाही तर आम्ही दोघांनाही विचारलं असतं. आता तुम्ही एकट्याच आहात." तिनं आवाज जरा खाली आणला. "बाई, मी स्पष्टच सांगते. तुम्ही शिकवला होता असं लिहून दिलंत, तर त्यांचा अर्ज फेटाळला जाईल. आठवत नाही म्हणालात, तरी फेटाळलाच जाईल, कारण रजिस्टर आहे. शिकवला नव्हता असं लिहून दिलंत, तर तो शेरा खोडला जाईल. पण मग चौकशीत दिलेली तुमची साक्ष खोटी होती, हे कागदावर येईल. आता तुम्हाला कोणी काही करणार नाही. फक्त..." ती अडखळली. नव्या विद्यालयाला बाईंनी लिहिलेली घडीची जुनी पुस्तिका पायाभूत म्हणून घ्यायची होती, नावासकट. तशी शिफारस तिनंच केली होती. साक्ष खोटी ठरली तर समिती नाव काढणार. "पुस्तिका राहील," ती घाईघाईनं म्हणाली, "पुस्तिका चांगली आहे हो."

"नावाला काय करायचंय आता," सून दारातून म्हणाली. तिनं कानातलं यंत्र केव्हाच काढून ठेवलं होतं. पण मग सासूच्या चेहऱ्याकडे बघून ती पुढे आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "आई, आठवा ना नीट. तुम्हाला तर मी लग्नात कुठली साडी नेसले होते ते किनारीसकट आठवतं."

हीच तर अडचण होती. बाईंना तो पाठ आठवत होता. डोळे मिटायचा अवकाश, आणि त्या शेडमध्ये उभ्या होत्या. खिडक्यांतून येणारं पांढरं ऊन टेबलाच्या कडेवर येऊन थांबलेलं. हातात कच्ची पिन, अंगठा आणि दोन बोटांमध्ये. लाल फीत मनगटावर लोंबलेली. "ही घरी न्यायची नाही, खिशात घालायची नाही, विसरायची तर अजिबात नाही," असं आपण म्हणतोय आणि पोरं हसतायत. इतकं स्वच्छ. इतकं स्वच्छ की त्यांना भीती वाटायची. पण एकतीस वर्षांत हा पाठ त्यांनी पन्नासेक तुकड्यांना शिकवला होता. हे त्यातलं कुठलं? त्या नेट लावून चेहरे बघायला लागल्या तर चेहऱ्यांच्या जागी नखं कापलेले हात दिसायचे. मग त्यांनी ताटल्या बघितल्या. टेबलावर एका ओळीत सगळ्या साधनांच्या ताटल्या, सगळ्या उजव्या हाताला. एकही डाव्या हाताला नाही. म्हणजे डावखुरा त्या वर्गात नव्हता. म्हणजे ही त्याची तुकडी नव्हे. बाईंना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच दुसऱ्या क्षणी तसं वाटल्याची लाज वाटली, आणि मग संशय आला. त्या दिवशी तो आजारी असेल. ताटली हलवायची आपण विसरलो असू. किंवा गेली कित्येक वर्षं आपल्याला हवं होतं म्हणून मनानंच सगळ्या ताटल्या उचलून उजव्या हाताला ठेवल्या असतील. मन कापडासारखं असतं तर पिशव्या ठेवून धरून तरी ठेवता आलं असतं.

एकच गोष्ट होती जी हलत नव्हती. शनिवार होता. रजिस्टर आठवड्यातून एकदाच भरायचं, अशी वाईट सवय दोन्हीकडे होती. कारकून घाई करत होता. बाईंनी पाठ वीस, एकवीस, बावीस अशा सह्या केल्या, तेविसाव्यावर आल्या तर तिथे जिराफाची सही आधीच होती. त्यांच्या मनात आलं, घेतला वाटतं यांनी. आणि त्याखाली, मान म्हणून, आपलीही सही केली, पाठ दोघांचा होता ना. सही करताना शाई जरा फुटली होती. हे त्यांना माहीत होतं, जसं आपल्या हाताला पाच बोटं आहेत हे माहीत असतं. पण जिराफानं तरी सही केव्हा केली? त्यानं हिरवी खूण बघून, बाई घेतीलच, असं म्हणून आधीच करून ठेवली असेल का? की त्यानं खरंच निळ्या पद्धतीनं पाठ घेतला, बाई औषध आणायला गेल्या होत्या त्या दुपारी, आणि डावखुऱ्यानं तो मन लावून ऐकला, आणि म्हणूनच पिनेला हात लावला नाही? असंही असू शकतं. मग तर डावखुऱ्यानं शिकवल्याप्रमाणेच केलं. मग चूक कोणाची? बाईंनी टेबलाची कड धरली.

"मला जे खरं माहीत आहे ते लिहू का?" त्यांनी विचारलं. "सही मी न बघता केली, एवढं लिहिते."

मुलीनं फॉर्म पुढे केला. त्यावर दोनच चौकटी होत्या. शिकवला. शिकवला नाही. खाली सहीची जागा. "शेरा लिहायला रकाना नाही, बाई. मी मागितला होता. तिन्ही दलांचा मिळून एकच नमुना आहे."

"एकच नमुना," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं, कारण हे जिराफानं ऐकलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते त्यांना नीट ऐकू आलं. त्यांनी पेन उचललं. आयुष्यात त्यांनी हजारो सह्या केल्या होत्या आणि एकीच्याही आधी त्यांचा हात असा थांबला नव्हता. आतून कोणीतरी सांगत होतं की खोटं लिहू नकोस, आणि कोणतं खोटं ते सांगत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. शिकवला नाही. आणि खाली सही केली, शेवटची छोटी रेघ ओढून.

मुलीनं कागद लगेच उचलला नाही. शाई वाळू दिली. मग म्हणाली, "ते खाली गाडीत बसलेत. मी म्हटलं वर चला, तर तयार होईनात."

"कोण?" बाईंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं.

"आई, तुम्ही उतरू नका, गुडघा दुखतोय तुमचा, त्यांनाच बोलवू," सून म्हणाली, पण तोवर बाई चपला शोधत होत्या. लिफ्टमध्ये तिघी उभ्या राहिल्या. मजले एकेक करून वर जात होते. बाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. कसा आहेस, असं म्हणायचं की कसे आहात? बेचाळीस वर्षं त्या एका वीस वर्षांच्या पोराशी मनात बोलत आल्या होत्या, त्याला रागावत, समजावत, कधी त्याची माफी मागत. गाडीच्या मागच्या खिडकीत एक टक्कल पडलेला म्हातारा होता. कान मात्र तेच. त्यानं बाईंना बघून दार उघडलं, पाय बाहेर काढला, उभं राहायला बघितलं आणि दाराला धरून तसाच अर्धा राहिला.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या.

"तुमच्यासमोर बसून कसं चालेल, बाई," तो म्हणाला, आणि बसला. त्याच्या हातांची नखं बारीक कापलेली होती. मुलीनं गाडीपर्यंत येता येता सांगितलं होतं, त्याची कपडे धुऊन इस्त्री करायची लाँड्री आहे, आता पोरं बघतात. सून आणि ती मुलगी जरा लांब, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सही केली मी," बाई म्हणाल्या.

"काय लिहिलंत?"

"शिकवला नव्हता, असं."

त्यानं मान हलवली. आनंद झाल्यासारखा दिसला नाही. खालचा ओठ दाताखाली धरून तो आपल्या डाव्या हाताकडे बघत बसला. "बाई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"खरंच शिकवला नव्हता ना?" त्यानं वर पाहिलं. "म्हणजे मी सगळ्यांना तेच सांगत आलो. बायकोला, पोरांना, सासऱ्याला तर शपथेवर. तेव्हा मला पक्कं माहीत होतं. पण गेली काही वर्षं काय होतं, मला तो पाठ आठवतो. पडल्या पडल्या समोर येतो. तुम्ही उभ्या आहात. टेबलाच्या कडेला ऊन आलंय. तुमच्या हातात पिन, लाल फीत अशी मनगटावर. काहीतरी बोलताय आणि आम्ही सगळे हसतोय. मी बघतोय ना, बाई. मग मला वाटतं, शिकवला होता. शिकवला होता आणि मीच विसरलो, आणि त्या माणसाला मीच..."

तेच ऊन. तीच फीत. बाईंनी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही, आणि या माणसाच्या तोंडून ते जसंच्या तसं बाहेर आलं होतं. तोंडाशी प्रश्न आला. तुझी ताटली कुठल्या हाताला होती रे, त्या दिवशी? एवढंच विचारायचं. तो क्षणात सांगेल. डावखुरा माणूस ताटलीची बाजू विसरत नाही. डावीकडे होती म्हणाला, तर तो पाठ झाला होता, त्याच्यासमोर झाला होता, आणि वर टेबलावर आत्ता वाळलेला कागद खोटा. मग या माणसाला घरी जाऊन पुढची वर्षं काढायची आहेत. उजवीकडे म्हणाला, तर ती आठवण त्याच्या वर्गाची नव्हेच, आणि दोघंही सुटतील. प्रश्न दातांपर्यंत आला आणि तिथे राहिला. बाईंना एकाएकी फार तहान लागली. जाणून घ्यायची इतकी ओढ त्यांना कशाचीच वाटली नव्हती.

"नाही शिकवला," त्या म्हणाल्या. शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं म्हणून काढायच्या तो आवाज इतक्या वर्षांनी त्यांच्या गळ्यातून निघाला, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या दोघींनी वळून पाहिलं. "मी नाही शिकवला आणि त्यांनीही नाही. तुला जे आठवतं ते दुसरं काहीतरी आहे. मी वर्गात रोजच बडबड करायचे, पिना हातात घेऊन."

"नक्की, बाई?"

"मी सांगते ना."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानं विश्वास ठेवला की विश्वास ठेवायचं ठरवलं, हे बाईंना कळेना. मग त्याचे खांदे सावकाश खाली आले आणि त्यानं बाहीनं तोंड पुसलं. बाईंचा गुडघा आता उभं राहू देत नव्हता. त्यांनी गाडीच्या दाराला हात लावला.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

तो आत सरकला. बाई वाकून त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.